सीतेचा आवाज आणि घरातली बाई

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चित्रकथी मांडतात. पोथीतलं एकेक चित्र पुढे धरायचं, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने कथा सांगायची आणि राम, रावण, सीता सगळ्यांचं बोलणं एकाच गळ्यातून उभं करायचं. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आसपासच्या दशावतारात तर पुरुष लुगडं नेसून रात्रभर राणीचं काम करतात. पुरुषाने बाईचा आवाज काढला की आपण त्याला कला म्हणतो, आणि ती कलाच आहे. पण आपल्याच घरातल्या बाईचा आवाज उतरला, घोगरा झाला, की 'बापयासारखो आवाज झालो हिचो' म्हणून हसणारेही आपणच. याची मला लाज वाटते, कारण त्या उतरलेल्या आवाजामागे आजार असू शकतो.

गळ्यात कंठाच्या खालीच फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. तिचा स्राव कमी पडला की स्वरतंतूंना सूज येते, ते जड होतात. स्त्रीचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण दोनशे वेळा थरथरतात. जड झालेले तंतू सावकाश हलतात, म्हणून आवाज खाली येतो, फाटतो, वरचा सूर लागत नाही. सोबत थकवा, थंडी सहन न होणं, केस गळणं, वजन वाढणं, पाळीत जास्त रक्तस्राव. यातली एकेक तक्रार आपण 'आळस' आणि 'वय' या दोन शब्दांत गुंडाळून ठेवतो. खरं तर रक्ताच्या साध्या तपासणीत हा दोष कळतो आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळीने बहुतेकींचा आवाजही हळूहळू सुधारतो.

पाळी जाताना इस्ट्रोजेन घटतं, तेव्हाही आवाज थोडा खाली येतो. तो आजार नव्हे. मात्र काही महिन्यांतच आवाज पुरुषी झाला, चेहऱ्यावर दाट केस आले, पाळी थांबली, तर एक दिवसही घालवू नये. अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असू शकते. पुरुषी हार्मोनने जाड झालेले स्वरतंतू पुन्हा पूर्ववत होतीलच असं नाही, म्हणून उशीर महाग पडतो.

गायिका गंगूबाई हनगल यांचा तरुणपणचा बारीक आवाज घशाच्या दुखण्यानंतर भारदस्त झाला. कारण हार्मोनचं नव्हतं, पण लोकांच्या कानांची परीक्षा तीच होती. त्या गात राहिल्या आणि त्याच आवाजापुढे देशाने मान झुकवली. गाणाऱ्या बाईला जे दिलं, ते भाकरी भाजणाऱ्या बाईला का देऊ नये?

कुणी म्हणेल, दृष्ट लागली, बाहेरचं काही आहे. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला. त्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण गाऱ्हाण्याच्या भरवशावर सहा महिने काढू नका. मशेरी, चुलीचा धूर आणि सततचं ओरडून बोलणं यांनीही घसा बसतो, म्हणून तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला घोगरेपणा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवलाच पाहिजे. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत 'आवाज जाड आहे' असा शेरा मारणाऱ्यांना तर तिथल्या तिथे थांबवायला हवं. तिने त्या भीतीने तोंड मिटलं, तर तिचा आजारही तोंड मिटूनच वाढेल.

येत्या चतुर्थीला फुगडीच्या रिंगणातून कुणी बाई मागे सरलेली दिसली, गाणं आलं की गप्प होत असेल, तर तिला बाजूला घेऊन मायेने विचारा. आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जा. तिला एकटीला पाठवू नका.