मारण्याची मुभा

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरात उंदीर झाले. घूस नव्हे, चिचुंद्री नव्हे. करड्या रंगाचा, अंगठ्याएवढा घरउंदीर. त्याने ज्वारीचे पोते फोडले, कपाटातल्या दुपट्ट्याच्या चिंध्या केल्या. मी बाजारातून चिकट गोंदाचा पुठ्ठा आणून रात्री ओट्याखाली ठेवला. फजरला उठलो, तर उंदीर त्यावर अडकलेला. जिवंत होता. सुटण्याच्या धडपडीत पोटाची कातडी सोलली होती. पुठ्ठा तसाच दुमडून कचऱ्यात टाकायला निघालो, तेव्हा अम्मा म्हणाली, "मारायचा तर मार, पण असा टाकू नकोस."

"अगं, उंदीर तर आहे!" मी म्हणालो.

हे माझेच शब्द पुढे मला टोचत राहिले.

उंदीर मारावा की नाही, हा वाद नाही. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिले देते आणि ती पिले दोन महिन्यांच्या आत विण्याजोगी होतात. उंदीर खातो त्याहून जास्त धान्य लेंड्यांनी, मुताने नासवतो. हरमच्या हद्दीतही ज्यांना मारण्याची मुभा आहे, अशा पाच जीवांत हदीसने उंदराला गणले आहे. तो दिव्याची वात ओढून घर पेटवील, म्हणून झोपताना दिवे विझवा, असेही पैगंबरांनी सांगितले. पण मारायचे झाले तरी नीट मारा, सुरीला धार लावा, जनावराला यातना देऊ नका, हेही त्यांनीच सांगितले. पहिली हदीस आपल्याला पाठ असते; दुसरी सोयीने विसरतो. मुभा मारण्याची आहे, हालहाल करण्याची नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'उपद्रवी' प्राण्यांची वेगळी अनुसूची होती. तीत कावळा आणि वटवाघळासोबत उंदीरही होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली. म्हणून उंदीर मारणे गुन्हा ठरले असे नाही. पण मनातली यादी कायद्याने पुसली जात नाही. एकदा 'उपद्रवी' ठरवले, की समोरच्याची वेदना आपण मोजतच नाही. ही सवय उंदरापाशीच थांबते का?

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे सातारा जिल्ह्यातही पसरला. लोक घरेदारे सोडून माळावर झोपड्यांत राहिले. सगळा दोष उंदरावर आला. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले, की रोग पसरवते ती उंदराच्या अंगावरची पिसू. तीही मुख्यतः मोठ्या उंदरांवरची. त्याच रोगाने उंदीर माणसाआधी मरत होते. ज्याला मारेकरी म्हटले, तो पहिला बळी होता.

जुन्या लोकांनी मारण्याआधी राखण्याचा विचार केला. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत, तोंड बंद करून, वर्षानुवर्षे ठेवत. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे गेली. मीही आता भिंतीतल्या फटी सिमेंटने बुजवल्या, मोरीला जाळी बसवली, ज्वारी पत्र्याच्या कोठीत भरली. तरी एखादा येतोच. त्याच्यासाठी चाप आहे; गोंद पुन्हा आणला नाही.

त्या सकाळी पुठ्ठा परसात नेला आणि एका घावात उंदराला सोडवले. हात थरथरत होता. अम्मा दारातून पाहत होती. ती काही बोलली नाही. तांब्यातले पाणी तेवढे माझ्या हातावर घातले.