क्रेमोनाची शांतता

दोघांच्या सहलीचा बेत एकाच्या वेडावर आखावा का? व्हायोलिनवर जीव असलेला माणूस जोडीदाराला इटलीतल्या क्रेमोनाला नेतो, तेव्हा तो आपलं प्रेम वाटतो की लादतो? स्त्रादिवारीच्या या शहरात २०१९च्या सुरुवातीला जुन्या वाद्यांचे स्वर जतन करण्यासाठी ध्वनिमुद्रण झालं. संग्रहालयाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद होते. महापौरांनी लोकांना आवाज कमी ठेवण्याची विनंती केली होती. तिथल्या प्रत्येकाला काही व्हायोलिनचं वेड नसणार. पण दुसऱ्याच्या वेडासाठी आवाज खाली आणायला ते वेड लागावं लागत नाही. जोडीदाराकडे एवढंच मागावं: आवड नव्हे, थोडी शांतता. मात्र ही शांतता उसनी असते. सहलीतली एक दुपार जोडीदाराच्या वेडाची असावी. तेव्हा गप्प राहून ऐकायची पाळी आपली.