अर्ध्या कानाने ऐकलेलं गाणं

मराठी संगीतविचारात भावगीताला घरात घेतलं गेलं, पण पाट मांडून बसवलं गेलं नाही. ख्यालाच्या जाणकाराला ते उथळ वाटतं, लोकसंगीताच्या अभ्यासकाला पांढरपेशं वाटतं आणि गंभीर कवितेच्या वाचकाला नको इतकं गोड. या तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तरीही गेल्या शतकात सामान्य मराठी माणसाच्या तोंडी आधुनिक कविता टिकवण्याचं काम या मधल्या संगीताने जितकं केलं, तितकं दुसऱ्या कुठल्याही कलाप्रकाराने केलं नाही, असं माझं मत आहे. आणि ते काम गाणं ऐकायला सोपं होतं म्हणूनच झालं.

सुरुवात कवितेपासूनच झाली. 1930च्या दशकात जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गायली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मेहकरच्या कवीचे शब्द महाराष्ट्रभर गेले. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. त्यात आलाप-तानांचा विस्तार शक्यच नव्हता; शब्द नीट पोचवावे लागत. पुढे गजानन वाटवे पुण्याच्या चौकाचौकांत गणेशोत्सवात भावगीतं गाऊ लागले, तेव्हा श्रोते रस्त्यावर उभे राहून कविता ऐकत होते. कवितासंग्रह विकत घेणारे त्यांतले किती असतील?

मग आकाशवाणी आली. 1952 साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या धोरणामुळे हिंदी चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. त्यांची जागा सुसंस्कृत अशा सुगम संगीताने घ्यावी, ही अपेक्षा होती. ती फसली. लोकांनी रेडिओ सिलोन लावलं, आणि 1957 मध्ये विविध भारती सुरू करून चित्रपटगीतांना पुन्हा दार उघडावं लागलं. लोकांची अभिरुची वरून हुकूम काढून घडवता येत नाही, हे त्यातून दिसलं. पण या फसलेल्या धोरणाने केंद्राकेंद्रांवर कवी, संगीतकार आणि गायक यांना एकत्र बसवून नवं गाणं करून घेण्याची सोय केली. मराठीत त्या सोयीला फळ आलं, कारण चालीत बसणारी आणि तरी कविता राहणारी कविता लिहिणारे कवी इथे होते. ‘गीतरामायण’ हे त्यातलं सर्वांत मोठं फळ. 1955च्या रामनवमीपासून सुमारे वर्षभर, दर आठवड्याला एक, अशी ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची 56 गीतं पुणे केंद्रावरून प्रसारित झाली. रेडिओला हार घातल्याच्या आठवणी आजही घराघरांत सांगितल्या जातात. शेवटच्या मुदतीच्या घाईत इतकं काम झालं आणि ते टिकलं, ही गोष्ट सोप्या संगीताला हलकं लेखणाऱ्यांनी थांबून पाहायला हवी.

या संगीतावरचा सर्वांत धारदार आक्षेप थिओडोर अडोर्नो या जर्मन विचारवंताचा. 1941च्या आपल्या निबंधात त्याने म्हटलं की लोकप्रिय गाणं साच्यातून येतं. पुढे काय येणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, आणि त्यामुळे ऐकण्याचं कामही गाणंच त्याच्या वतीने उरकून टाकतं. आपल्याकडच्या पुष्कळ भावगीतांना हे तंतोतंत लागू आहे. चंद्र, चांदणं, विरह आणि मागे सतार, एवढ्यावर काढलेली शेकडो गाणी विरून गेली, ते योग्यच झालं. पण संगीतकार श्रीनिवास खळे यांच्यापाशी हा आक्षेप अडतो. ‘श्रावणात घन निळा’ हे मंगेश पाडगांवकरांचं गाणं घ्या. कानाला ते अगदी सहज वाटतं, कारण शब्दाचा बोलण्यातला झोत कुठे मोडलेला नाही. गायला बसलं की मात्र कळतं, अंतऱ्यांच्या चाली वेगवेगळ्या आहेत, स्वर अनपेक्षित ठिकाणी वळतात आणि पुन्हा मुखड्याला येऊन मिळताना भलेभले चाचपडतात. कष्ट आहेतच, ते फक्त रचनाकाराने आणि गायिकेने, लता मंगेशकरांनी, आपल्याकडे घेतले आहेत. यशवंत देव ज्याला ‘शब्दप्रधान गायकी’ म्हणत, तिची शिस्त हीच. गळ्याची तयारी पुरेपूर असावी आणि ती शब्दाच्या आड येऊ नये. एखादी हरकत गाळणं हा तिथे रियाजाचाच भाग असतो.

आता ऐकणाऱ्याकडे वळू. हे संगीत लोक लक्ष देऊन ऐकत नाहीत, मागे चालू ठेवून कामं करतात, असं तक्रारीच्या सुरात म्हटलं जातं. मला त्यातच त्याची ताकद दिसते. मैफलीला माणूस संध्याकाळ राखून जातो. भावगीत पोळ्या लाटताना, शिवणयंत्र चालवताना, रात्रपाळीहून आल्यावर अर्ध्या कानाने ऐकलं जातं, पण शंभरदा ऐकलं जातं. शंभरदा अर्ध्या कानाने ऐकलेलं पाठ होतं, आणि पाठ झालेलं हवं तेव्हा हाताशी असतं. जात्यावरच्या ओव्याही काम करता करताच म्हटल्या गेल्या, म्हणून त्यांच्यातलं काव्य कोणी कमी मानत नाही. शिवाय आपलं बहुतेक आयुष्य टोकाच्या भावनांत जात नाही. वाट पाहणं, थोडी हुरहुर, जुन्या सोबतीचा लोभ, हेच रोजचं असतं. अरुण दाते यांचा आवाज अशा मध्यम उजेडातल्या भावनांसाठीच होता. या भावनांनाही नेमके, चांगले शब्द मिळावेत, ही मला साधी गरज वाटते.

ग्रेस यांच्या बाबतीत तर नवलच घडलं. समीक्षकांनी दुर्बोध ठरवलेला हा कवी. त्यांची ‘भय इथले संपत नाही’ ही कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत, लताबाईंच्या आवाजात, ‘महाश्वेता’ या दूरदर्शन मालिकेचं शीर्षकगीत झाली आणि ज्यांनी ग्रेस यांचं एक पान उघडलं नव्हतं, त्यांच्या ओठांवर बसली. त्यांना तिचा अर्थ कळला का? माझ्या मते पुष्कळसा कळला. चालीने अर्थ सोपा केला नाही. अर्थ पुरता कळेपर्यंत कवितेपाशी थांबण्याचा धीर तिने दिला.

मात्र हा मधला रस्ता सर्वांचा होता, असं म्हणणं खोटं ठरेल. कुठला आवाज सुसंस्कृत, कुठला उच्चार शुद्ध, हे प्रामुख्याने पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या, वरच्या जातींतल्या मंडळींनी ठरवलं. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं गावोगावी वाजत होती, लाखोंना पाठ होती, तरी भावगीताच्या इतिहासात त्यांचं नाव क्वचितच आदराने येतं. त्यांचा मोकळा, चढा, वस्तीतून आलेला सूर ‘मृदू’ नव्हता, एवढाच त्यांचा दोष. शाहिरी आणि भीमगीतं यांनाही याच मापाने बाहेर ठेवलं गेलं. सोपेपणाचं मूल्य मानायचं तर ते यांच्याही पदरात घालावं लागेल. नाहीतर आपण संगीताची नव्हे, आपल्याच घराची भलामण करत राहू.

आज अडचण वेगळी आहे. जुन्या गाण्यांचे कार्यक्रम भरगच्च चालतात, लहान मुलं स्पर्धांत तीच गाणी हुबेहूब गातात. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्यासारखे काही सोडले, तर नवी कविता चालीपर्यंत पोचत नाही. मुक्तछंदाला चाल लागत नाही, असं कारण सांगतात. मला ते पटत नाही. ओवी आणि अभंग अक्षरगणवृत्तांइतके काटेकोर नाहीत, तरी शतकानुशतकं गायले जात आहेत. आज खेड्यांतून, शहरांच्या कडेच्या वसाहतींतून, स्त्रियांच्या हातून जी कविता लिहिली जाते आहे, तिला चाल लावायला तयार असतील असे तरुण संगीतकार आहेत. त्यांच्याकडे दर महिन्याला नवं गाणं मागणारं, कवीला, वादकाला आणि गायकाला त्याचे पैसे देणारं आणि ते गाणं पुन्हा पुन्हा लोकांच्या कानांवर घालणारं केंद्र नाही. एके काळी हे काम एक सरकारी खातं करत होतं. ते आता विद्यापीठाने करावं, ग्रंथालय संघाने करावं की एखाद्या वाहिनीने, हा तपशील नंतर ठरवता येईल. पण कोणीतरी ते अंगावर घ्यायला हवं.