काळ्या क्रेपमधला चेहरा

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडची अशी अनेक तैलचित्रं आहेत : तरुण स्त्री, अंगभर काळा पोशाख, डोक्यावर विधवेची पांढरी टोपी, दागिना असलाच तर व्हिटबीच्या जेटचा, म्हणजे काळ्या अश्मीभूत लाकडाचा. ती पाहताना एक प्रश्न मला सोडत नाही. तैलचित्रासाठी चित्रकारापुढे पुन्हा पुन्हा येऊन तासन्‌तास बसावं लागतं. शोकाच्या ऐन भरात कुणी हे का करावं?

तिथे विधवेचा शोक कपड्यांवर मोजला जाई. पहिलं वर्ष आणि वर एक दिवस क्रेप, म्हणजे चमक घालवलेलं, सुरकुत्या पाडलेलं रेशीम. दोनेक वर्षांनी राखाडी, फिकट जांभळा. विधुराची सुटका काही महिन्यांत होई. हा उघड अन्यायच होता. १८४१ साली लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर केवळ शोकवस्त्रांचं ‘जेज’ हे दुकान निघालं. १८६१ मध्ये पती अल्बर्ट गेल्यावर राणी व्हिक्टोरियानं १९०१ पर्यंत, मरेतो, काळाच वेश ठेवला आणि या रिवाजाला राजमान्यता मिळाली. गरीब विधवेला मात्र आपला नेहमीचाच झगा काळा रंगवून घ्यावा लागे. तिचं चित्र कोण काढणार?

क्रेपवर पडलेला उजेड तिथेच विरतो. रेशमाची झळाळी, मोती, लेस ही चित्रकाराची हुकमी साधनं इथे वर्ज्य. एरवी इंग्रज घरधनिणीच्या चित्रात नवऱ्याची श्रीमंतीच आधी बोलते. इथे सगळा प्रकाश चेहऱ्याला आणि हातांना मिळतो. पतीच्या स्मृतीसाठी घातलेल्या बंधनानं तीच ठळक झाली.

कायद्यातही तसंच घडत होतं. लग्न होताच इंग्रज स्त्रीचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विलीन होई. तिची कमाईसुद्धा त्याची. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी हे बदललं. त्याआधी विधवा मात्र स्वतःच्या नावानं करार करू शके, मालमत्ता राखू शके, धंदा चालवू शके. हे स्वातंत्र्य मृत्यूच्या किमतीत मिळावं, याचा मला संताप येतो.

म्हणूनच त्या चेहऱ्यांवरचा संयम मला निव्वळ रिवाजाचा वाटत नाही. तिचं दुःख खरंच असेल. पण मुलं, दीर, कारभारी, सावकार या सगळ्यांना यापुढे तिच्याशीच बोलायचं होतं, आणि ते तिला ठाऊक होतं, असंच मी त्या नजरेत वाचतो.