शिलोहाचा बुरूज, शिलोहाचं तळं

आजचं वाचन: लूक १३:१-९ आणि योहान ९:१-७



प्रियांनो, आजचा पहिला उतारा एका बातमीने सुरू होतो. काही लोक येशूकडे येऊन सांगतात की पिलाताने काही गालीली लोकांना ते यज्ञ करत असतानाच ठार मारलं. येशू ती बातमी ऐकतो आणि स्वतःहून दुसरी एक जोडतो. यरुशलेमात शिलोह नावाच्या ठिकाणी एक बुरूज कोसळला होता. त्याखाली अठरा जण गेले.

पहिली घटना माणसाच्या क्रूरपणाची आहे. दुसरी अपघाताची. आपल्यावर अचानक येणारी संकटंही बहुतेक याच दोन प्रकारची असतात. कुणीतरी केलेली, किंवा कुणीच न केलेली. रात्री दोन वाजता आलेला फोन. स्कॅनचा रिपोर्ट उघडताना डॉक्टरांचा बदललेला चेहरा. सोमवारी अकरा वाजता एचआरने बोलावणं आणि बारा वाजता लॅपटॉप जमा. सकाळपर्यंत आयुष्य एका रस्त्याने चाललेलं असतं आणि दुपारी तो रस्ताच नसतो. लूक त्या अठरा जणांची नावं देत नाही, पण त्यांच्याही घरी संध्याकाळी कुणीतरी वाट बघत असणारच.

आता गंमत बघा, खरं तर गंमत नाही. बातमी आणणाऱ्यांनी येशूला प्रश्न विचारलेलाच नाही. तो त्यांच्या मनातला प्रश्न ओळखतो आणि उघड्यावर आणतो: मेलेले लोक बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते, असं तुम्हाला वाटतंय का? आणि मग तो ते साफ नाकारतो. एकदा नाही, दोनदा. पिलाताने मारलेल्यांबद्दल एकदा आणि बुरुजाखाली गेलेल्यांबद्दल पुन्हा एकदा.

हा प्रश्न आपल्याला इतका का आवडतो? कारण त्यात सुरक्षित वाटतं. त्यांच्या हातून काहीतरी घडलं म्हणून त्यांच्यावर बुरूज पडला, असं एकदा ठरवलं की मी मोकळी. मी तसं काही केलेलं नाही, म्हणजे माझा बुरूज उभाच राहणार. हिशोब जुळला की भीती कमी होते. दुसऱ्याच्या दुःखाचं कारण शोधताना आपण पुष्कळदा स्वतःचा विमा उतरवत असतो.

पण जो स्वतः ढिगाऱ्याखाली आहे, तोही हाच हिशोब करू लागतो. ते मी आमच्या घरात पाहिलंय.

गेल्या वर्षी मार्च महिन्यात माझ्या पप्पांना पक्षाघाताचा झटका आला. वय सत्तावन्न. सकाळी चहा घेताना कप हातातून पडला आणि उजवी बाजू गेली. नऊ दिवस आयसीयू, मग घर. घरी आल्यावर भेटायला माणसं येऊ लागली. बहुतेकांनी प्रेमच केलं. मंडळीतल्या मावश्यांनी तीन आठवडे आमच्याकडे चूल पेटू दिली नाही, रोज कुणाचा ना कुणाचा डबा यायचा. पण एका घरप्रार्थनेच्या वेळी कुणीतरी मम्मीला हळूच सांगून गेलं की घरात काही लपलेलं पाप असेल तर कबूल करून टाका, म्हणजे मार्ग मोकळा होईल.

त्या रात्री मम्मी स्वयंपाकघरात वही घेऊन बसली होती. मला वाटलं औषधांचा हिशोब लिहितेय. तिने पापांची यादी केली होती. लेंतमधला मोडलेला उपास. आत्याशी झालेलं भांडण. दोन महिने राहिलेला दशांश. लग्नाआधी आजीला उलट बोललेलं एक वाक्य, पस्तीस वर्षांपूर्वीचं. ती मला म्हणाली, "यातलं कुठलं असेल गं?"

प्रियांनो, मी तिला त्या रात्री लूक तेरावा अध्याय वाचून दाखवला. ते ऐकून तिने विचारलं, "मग कारण काय?" मी म्हणाले, "मम्मी, प्रभूने कारण सांगितलंच नाही. पण हे कारण नाही, एवढं त्याने सांगितलंय." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने ते पान फाडलं. आत्याला मात्र दुसऱ्या दिवशी फोन केला, कारण ते भांडण मिटवायला हवंच होतं. आजाराची किंमत म्हणून नाही, बहीण-भावजय म्हणून.

आता एक अवघड गोष्ट. येशू फक्त "ते जास्त पापी नव्हते" म्हणून थांबत नाही. तो पुढे ऐकणाऱ्यांना बजावतो की पश्चात्ताप केला नाही, तर नाश तुमचाही आहे. हे वाक्य गाळून पुढे जाता येणार नाही. पण तो ते कुणाला म्हणतोय, हे नीट बघा. त्या अठरा जणांच्या घरच्यांना तो हे म्हणत नाहीये. बातमी घेऊन आलेल्या, धडधाकट उभ्या असलेल्या, चर्चा करणाऱ्या लोकांना म्हणतोय. याच लूकच्या सातव्या अध्यायात नाईन गावच्या विधवेचा एकुलता एक मुलगा तिरडीवर असतो, तेव्हा येशूला तिचा कळवळा येतो. बेथानीत लाजराच्या कबरेजवळ तो रडतो. शोक करणाऱ्यांकडे तो पापांची यादी मागत नाही. बघ्यांना मात्र स्वतःकडे बघायला लावतो. आपण नेमकं उलटं करतो. शोक करणाऱ्यांना उपदेश करतो आणि स्वतःला सूट देतो.

आणि पश्चात्ताप म्हणजे नुसतं वाईट वाटून घेणं नव्हे. मराठीत तो शब्द "ताप" घेऊन येतो, म्हणून आपल्याला जळणं आठवतं. नव्या करारातल्या मूळ ग्रीक शब्दात मन बदलण्याचा अर्थ आहे. वळणं. म्हणजे प्रभूचं म्हणणं असं: बुरूज कुणावर का पडला याचा खटला चालवत बसू नका. आज तुमच्यावर पडलेला नाही ना? मग हातात असलेल्या दिवसाचं तोंड देवाकडे वळवा.

म्हणूनच तो लगेच अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगतो. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडा. माळी मध्ये पडतो आणि आणखी एक वर्ष मागतो. आणि नुसतं मागत नाही. मी भोवती खणीन, खत घालीन, असं म्हणतो. मला हा माळी फार आवडतो. झाडाला फळ का नाही, यावर तो भाषण देत नाही. तो खोरं उचलतो.

आता दुसऱ्या वाचनाकडे या. योहानाचा नववा अध्याय. रस्त्यात एक जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तोच प्रश्न, तोच हिशोब. इथेही येशू दोन्ही पर्याय नाकारतो. मग थुंकीने चिखल करतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला धुवायला पाठवतो. कुठे? शिलोहाच्या तळ्यावर.

बुरूज पडला तो शिलोहात. डोळे उघडले तेही शिलोहात.

ही जागा खरीखुरी आहे. यरुशलेमच्या जुन्या दाविदनगराच्या दक्षिण टोकाला. हिज्कीया राजाच्या काळी गीहोन झऱ्याचं पाणी आत आणण्यासाठी खडकातून बोगदा खोदला होता, पाचशे मीटरहून लांब. तेच पाणी इथे येतं. २००४ साली सांडपाण्याच्या पाइपचं काम चालू असताना येशूच्या काळातल्या तळ्याच्या दगडी पायऱ्या तिथे सापडल्या. ज्या वस्तीत लोकांनी अठरा प्रेतं उचलली, त्याच वस्तीत हा माणूस डोळ्यांवर चिखल घेऊन चाचपडत गेला. लक्षात घ्या, जाताना तो आंधळाच होता. दिसायला लागलं आणि मग चालला, असं झालं नाही. तो न दिसताच चालला. अचानक आयुष्य बदलतं तेव्हाचा विश्वास मला असाच वाटतो. डोळ्यांवर चिखल, हातात काठी, आणि प्रभूने सांगितलेली एक दिशा.

इथे काही जण म्हणतील, पण देवाची कार्यं दिसावीत म्हणून असं झालं, असंही येशू म्हणतो ना? म्हणजे देवाने मुद्दाम आंधळा केला? पुढचं वचन वाचा. दिवस आहे तोवर आपल्याला काम केलं पाहिजे, असं तो सांगतो आणि कामालाच लागतो. त्याचा जोर मागे वळून कारण शोधण्यावर नाही, पुढच्या कामावर आहे.

आपल्याच मातीतलं एक उदाहरण सांगते. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे वडील गेले, पाठोपाठ आई, मग मोठी बहीण. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा अजून वर्षाचीही नव्हती. त्या काळी विधवेलाच विचारलं जायचं की तुझ्या कुठल्या जन्मीच्या पापाने नवरा गेला? १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात रमाबाईंनी या दोषारोपाबद्दल लिहिलंय. आणि आपण फार हुरळून जाऊ नये, कारण "लपलेलं पाप कबूल करा" हा त्याच प्रश्नाचा आपल्या चर्चमधला अवतार आहे.

१८८३ मध्ये इंग्लंडात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. भूक काय असते हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मात्र एक सांभाळून बोलू या. मुक्ती मिशन उभं राहावं म्हणून देवाने रमाबाईंचे आईवडील नेले, असं मी कधीच म्हणणार नाही. ते मृत्यूंचं कारण नाही. ढिगाऱ्याजवळ उचललेलं ते खोरं आहे. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. एकुलती एक लेक. रमाबाईंचं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचं काम तरीही चालू राहिलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या प्रभूकडे गेल्या.

शेवटी तुमच्या-माझ्या व्हॉट्सअॅपबद्दल. कुणाच्या घरी काही झालं की आपण पटकन रोम ८:२८ फॉरवर्ड करतो. वचन खरंच आहे. पण त्याच्या जरा आधी पौल सगळ्या सृष्टीच्या कण्हण्याबद्दल लिहितो आणि आपल्याला शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्माच आपल्यासाठी कण्हत विनंती करतो असं सांगतो. कण्हणं वगळून अठ्ठाविसावं वचन पाठवलं तर ते दगडासारखं लागतं. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढं त्यांना छान जमलं होतं. पुढे त्यांनी तोंड उघडलं.

म्हणून या आठवड्यात ज्याच्यावर बुरूज पडलाय असं कुणी तुमच्या ओळखीत असेल, त्याच्याकडे जा. कारण घेऊन जाऊ नका, डबा घेऊन जा. रिपोर्ट आणायला सोबत जा. रात्री हॉस्पिटलात थांबायला माणूस लागतो, तो तुम्ही व्हा. आणि बुरूज तुमच्यावरच पडला असेल, तर ती पापांची वही बंद करा. खरोखर काही मिटवायचं असेल तर मिटवा, पण सौदा म्हणून नको. पप्पांचा उजवा हात अजून उठत नाही. आम्ही रोज सकाळी त्यांच्या मुठीत मऊ चेंडू देतो आणि वीसपर्यंत मोजतो. हात बरा होईल का, मला माहीत नाही. माळ्यालाही पुढच्या वर्षी फळ येईलच असं माहीत नव्हतं. येशूने ती गोष्ट तिथेच सोडली आहे. त्याने आपल्याला एवढंच दाखवलं की झाडाच्या बाजूने उभं राहून वेळ मागणारा कुणीतरी आहे, आणि त्याचे हात मातीचे आहेत.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू अठरा जणांवर दोष ठेवला नाहीस आणि आंधळ्याच्या आईबापांवरही नाही. ज्यांचं आयुष्य एका दिवसात बदललं, त्यांच्या मनातला दोषाचा हिशोब आज पुसून टाक. आम्हाला दिसत नसतानाही शिलोहापर्यंत चालायचं बळ दे. आणि आम्ही धडधाकट उभे असू, तर आम्हाला बघे होऊ देऊ नकोस. आमच्या हातात खोरं दे. तुझ्याच नावात मागतो. आमेन.