काखा वर!

मनुष्यदेहातल्या बहुतेक अवयवांना कवींनी कधी ना कधी नमस्कार केलेला आहे. डोळे, ओठ, केस यांचे सोडाच, पायाच्या करंगळीलाही कोणीतरी उपमा दिलेली असेल. काखेच्या वाट्याला मात्र म्हणी आणि वाक्प्रचार तेवढे आले, आणि तेही सगळे बेअब्रूचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हा वेंधळेपणा. एखाद्या गोष्टीला बगल देणे, ही टाळाटाळ. आणि काखा वर करणे म्हणजे तर सरळसरळ जबाबदारी झटकणे. आपल्या भाषेने काखेवर एवढा डूख का धरला असावा, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हते. आता थोडे थोडे कळू लागले आहे.

माझी अडचण अशी की मला काखा वर करताच येत नसत. अगदी शब्दशः. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून माझ्या दोन्ही काखांना घाम येतो. ‘येतो’ हा शब्दही तोकडाच. मुंबईत जुलै महिन्यात ‘चार शिंतोडे पडतात’ म्हणावे, तसला तो प्रकार. इस्त्रीचा शर्ट घालून निघालो की नाक्यापर्यंत दोन्ही बाजूंना बशीएवढी वर्तुळे आणि शाळा येईपर्यंत बशीची थाळी! त्यामुळे शर्टाचे रंग दोनच, पांढरा आणि गडद निळा. आकाशी, राखी वगैरे रंग लग्नात आहेर म्हणून आले की तसेच पुढच्या लग्नात जात. लोकलमध्ये वरच्या कड्या असतात असे ऐकून होतो. डोंबिवली ते दादर हा प्रवास मी तीस वर्षे नुसत्या गर्दीच्या आधाराने उभा राहून केला. आणि पेशा निवडला कोणता, तर मास्तरकीचा, ज्यात दिवसभर हात वर करून फळ्यावर लिहायचे! माझ्या फळ्याचा वरचा अर्धा भाग कायम कोरा असे. मुलांना वाटे, सरांचा हात पोचत नाही. एका तपासणीत तर साहेबांनी ‘शिक्षक फळ्याचा पुरेसा वापर करीत नाहीत’ असा शेराही मारला. खुलासा करायचा म्हणजे हात वर करून दाखवणे आले. मी शेरा घेतला.

वास्तविक घामाला आपल्याकडे केवढा मान! घामाचा पैसा, घाम गाळून बांधलेले घर. आमचे वडील तर कुठल्याही वादात शेवटी एकच प्रश्न टाकीत, ‘‘घाम गाळलायस का कधी?’’ मी त्यांच्यासमोर उभ्या उभ्या गाळत असे, पण तो धरला जात नसे. कारण घाम श्रमाचा हवा. काही न करता, पंख्याखाली बसल्या बसल्या येणारा घाम म्हणजे जवळजवळ काळा पैसाच. मिळकत दिसते आणि कष्टाचा हिशेब दाखवता येत नाही.

हे सगळे आयुष्यभर निभावले असते. पण आमच्या सोसायटीच्या एका सभेने घोटाळा केला. विषय होता जुन्या वॉचमनला काढून एजन्सीची माणसे नेमण्याचा. मामा चौदा वर्षे आमच्या फाटकावर होते. रात्री डुलकी घेत, हे खरे. पण चौदा वर्षांत आमच्या मुलीला क्लासवरून यायला उशीर झाला की नाक्यापर्यंत कंदिलासारखा टॉर्च धरून जाणारे तेच, हेही खरे. मी त्यांच्या बाजूचा होतो. घरी जेवताना तसे ठणकावून सांगितलेही होते. चेअरमन म्हणाले, ‘‘विरोधात कोण आहेत, हात वर करा.’’ आणि त्या दिवशी नेमका बायकोने आहेरातला आकाशी शर्ट काढून दिला होता. माझा हात निघाला, कोपरातून वाकला, खांद्यापर्यंत आला आणि तिथून त्याने कान खाजवला. अकरा विरुद्ध दहा. ठराव मंजूर.

माझे मत पडते तर बरोबरी झाली असती आणि मग चेअरमनांचे जादा मत होतेच, म्हणजे निकाल तोच. हा हिशेब मी खुर्चीत बसल्या बसल्या तेवढ्या वेळात करून टाकला. गणिताचा मास्तर असल्याचा असाही उपयोग होतो.

चार दिवसांनी मामा ट्रंक आणि वळकटी घेऊन निरोप घ्यायला आले. मी म्हणालो, ‘‘काय करणार मामा, आपल्या हातात काय असतं?’’ ते म्हणाले, ‘‘खरं आहे सर,’’ आणि पाया पडायला वाकले. ते गेल्यावर बायको आतून म्हणाली, ‘‘हातात नव्हतं ते खरंच. काखेत होतं.’’

त्या रात्री मला झोप आली नाही. प्रश्न साधा होता. माझा हात वर गेला नाही, हा आजाराचा दोष की माझा? तापाने फणफणलेला माणूस सभेला गेला नाही तर त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. तोतऱ्या माणसाने भाषण टाळले तर आपण समजून घेतो. मग ओल्या काखेच्या माणसाने एक मत टाळले, तर? पण काखेची बाजू मांडता मांडता मलाच शंका येऊ लागली, की वकील जरा फारच हुशार आहे. आठवड्याभरात मी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. उपचार करून घ्यावेत हे तर होतेच, पण खरे म्हणजे मला सर्टिफिकेट हवे होते.

दवाखान्यात शेजारी कॉलेजातली एक मुलगी आईबरोबर बसली होती. तिच्या तळहातांना घाम येई. परीक्षेत हाताखाली रुमाल ठेवून लिहावे लागते, तरी पेपर भिजतो, असे आई सांगत होती. अशांना पाण्याच्या उथळ ट्रेमध्ये हात ठेवून सौम्य वीजप्रवाह देतात, आठवड्यातून काही वेळा. मी ऐकत होतो आणि मला माझे लाल पेन आठवत होते. ‘गचाळ लेखन’ म्हणून ओल्या, शाई फुटलेल्या किती पेपरांचे मी गुण कापले असतील, कोण जाणे. तो प्रकार अळशीपणाखेरीज दुसरा कशाचा असू शकेल, हे दोन ओल्या काखा बाळगूनही माझ्या डोक्यात कधी आले नाही.

डॉक्टरबाई माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. प्रश्न मात्र हेडमास्तरांसारखे. कधीपासून? दोन्हीकडे सारखाच? घरात आणखी कोणाला? वजन उतरलंय? छातीत धडधड? कोणती औषधं चालू आहेत? रात्री झोपेत येतो का? मी म्हणालो, झोपेत अजिबात नाही. त्या खूश झाल्या. लहान वयात सुरू झालेला, दोन्ही बाजूंना सारखा आणि झोपेत थांबणारा घाम म्हणजे आपला घरचाच. उतारवयात अचानक सुटलेला, किंवा रात्री चादर भिजवणारा घाम आला की मात्र दुसऱ्या आजाराचा शोध घ्यावा लागतो. तरी थायरॉइड आणि साखर तपासायला सांगितलेच.

मी धीर करून विचारले, ‘‘पण घाम अडवला तर अंगातलं विष आतच नाही का राहणार?’’

‘‘सर, विष काढायला मूत्रपिंडं आणि यकृत आहेत. घाम मुख्यतः अंग गार ठेवायला. सगळ्या अंगावर वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी असतात. काखेतल्यांनी संप केला तर बाकीच्या सांभाळून घेतात.’’ वासाचा आरोपही त्यांनी खोडून काढला. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच, तो कातडीवरच्या जंतूंचा उद्योग.

मग परीक्षा. काखेला आयोडीन लावून वर पिष्टमयाची पूड भुरभुरायची. जिथे घाम तिथे निळे-काळे होते. १९२८ साली मायनर नावाच्या डॉक्टरने काढलेली युक्ती आहे ही. आरशात पाहिले तर शाईची दौत उपडी केल्यासारखे दिसत होते. बायको म्हणाली, ‘‘गचाळ लेखन.’’

शेवटी त्यांनी चार पायऱ्या वाचून दाखवल्या. पहिली, घाम जाणवत नाही आणि कामात अडथळा नाही. दुसरी, सोसवतो, पण अधूनमधून अडथळा. तिसरी, जेमतेम सोसवतो, अडथळा वारंवार. चौथी, असह्य, अडथळा कायम. ‘‘तुमची कोणती?’’ एवढा अवघड प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. फळा कोरा राहिला तो अडथळा होता, याबद्दल शंका नाही. मामा गेले तो घामाचा अडथळा की माझा, हे कोणत्या पायरीत बसवायचे? मी म्हणालो, ‘‘तिसरी लिहा.’’ बायको काही बोलली नाही. तिचे न बोलणे पाचव्या पायरीवरचे होते.

उपचार पुष्कळ आहेत. घाम थांबवणाऱ्या गोळ्या असतात, पण त्यांनी तोंडही कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते. माझ्या वयाला बाईंनी त्या टाळल्या. सुरकुत्या घालवणारे बोटॉक्सचे इंजेक्शन काखेतही देतात. अमेरिकेत २००४ साली त्याला मान्यता मिळाली. प्रत्येक बाजूला बारीक बारीक दहा-पंधरा टोचण्या, आणि परिणाम साधारण सहा-सात महिने. म्हणजे वर्षातून दोनदा खिसाही टोचून घ्यायचा. छातीतली नस कापण्याची शस्त्रक्रियाही आहे, पण ती शेवटची आणि काखेसाठी सहसा नकोच, कारण पुष्कळांना नंतर पाठीवर, पोटावर, मांड्यांवर घाम सुटतो. एक दार लावले की पाहुणा दुसऱ्या दाराने येतो. हे मला वैद्यकापेक्षा वेदान्ताच्या जवळचे वाटले.

माझ्या वाट्याला आली पहिली पायरी. २० टक्के अॅल्युमिनियम क्लोराइडचे पाणी. रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या कातडीवर लावायचे, सकाळी धुवायचे. फरक पडला की आठवड्यातून एक-दोनदा पुरते. दाढीचे पाते फिरवलेल्या कातडीवर त्या दिवशी लावायचे नाही. ‘पूर्ण कोरड्या’वर बाईंनी दोनदा जोर दिला होता. मी आंघोळ करून, टॉवेल फिरवल्यासारखे करून लावले. ओलाव्याशी त्याचे आम्ल तयार होते, हे त्यांनी सांगितलेले मला रात्री अकरा वाजता हॉलमध्ये दोन्ही हात वर करून नाचताना आठवले. तीस-चाळीस वर्षांत प्रथमच माझ्या काखा वर झाल्या होत्या, आणि पाहायला फक्त बायको!

पुढे पंखा, थांबणे, मग औषध असा क्रम जमला आणि दोन-तीन आठवड्यांत काखा कोरड्या झाल्या. खडखडीत. मी आकाशी शर्ट घालून दादरपर्यंत कडी धरून गेलो, कडीचे काही काम नसताना.

आणि सप्टेंबरअखेरीस वार्षिक सभा आली. विषय क्रमांक सात, घरकामाला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरू नये. आमच्याकडे येणाऱ्या मावशींचे गुडघे दुखतात आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. घरी मी ठणकावून बोललो होतोच. चेअरमन म्हणाले, ‘‘विरोधात?’’ मी आकाशी शर्टात होतो. काखेतून काही बातमी येते का म्हणून वाट पाहिली. काही नाही. समोर चेअरमन, ज्यांच्याकडे आमच्या गळक्या भिंतीचा अर्ज पडून होता. हात खांद्यापर्यंत आला, कानापाशी थांबला. काखा कोरड्या होत्या आणि हात थांबला होता. शेजारी बायको माझ्याकडे पाहत नव्हती. मुद्दाम पाहत नव्हती.

‘‘सहा,’’ सेक्रेटरी म्हणाले. ‘‘चला, पुढचा विषय.’’

‘‘एक मिनिट,’’ मी म्हणालो. हात वर होता.

‘‘तुम्हाला काय हवंय, सर? पाणी?’’

‘‘हे मत आहे.’’

‘‘मोजून झालं हो.’’

‘‘परत मोजा.’’ माझा आवाज सातवीतल्या मुलासारखा निघाला. सेक्रेटरींनी चेअरमनांकडे पाहिले, सहाचा आकडा खोडला आणि सात केला. ठराव तेरा विरुद्ध सात मतांनी मंजूर झाला. दुसऱ्या दिवसापासून मावशी चार जिने चढून येऊ लागल्या. आमच्या भिंतीचा अर्ज अजून तिथेच आहे.

त्या रात्री घरी आल्यावर बायकोने माझा शर्ट धुवायला घेतला. दोन्ही काखा उलटून पाहिल्या, कोरड्या. मग पाठ पाहिली. पिळला असता तर तांब्याभर निघाला असता.

‘‘हा कुठल्या पायरीचा?’’ तिने विचारले, आणि शर्ट बादलीत टाकला.