याला काय येत नाही?

२०२५ सालची मे महिन्याची सुट्टी चालू होती. वर्तमानपत्रात आलेले एक कात्रण आम्ही मुद्दाम जपून ठेवले होते. त्यात जॉनी किम या अमेरिकन अंतराळवीराची माहिती होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेला होता. त्याआधी तो अमेरिकेच्या नौदलातील 'सील' या निवडक लढाऊ पथकात होता. इराकच्या युद्धात लढून त्याने शौर्यपदक मिळवले. मग गणिताची पदवी घेतली, २०१६ साली हार्वर्ड विद्यापीठातून तो डॉक्टर झाला आणि २०१७ साली नासाने त्याची अंतराळवीर म्हणून निवड केली. सैनिक, डॉक्टर आणि अंतराळवीर, वय एकेचाळीस.

कात्रण जपण्यामागचा आमचा हेतू काही सरळ नव्हता. आमचा धाकटा पुतण्या दहावीत जाणार होता. अभ्यासात तो बेताचाच. दिवसभर घरामागच्या पडवीत सायकल उलटी करून चेन आणि ब्रेक यांच्याशी त्याची झटापट चाललेली असते. त्याचा थोरला भाऊ मात्र वर्गात पहिला, तबला वाजवतो, बुद्धिबळात बक्षिसे आणतो. आम्ही ते कात्रण धाकट्याच्या हाती दिले आणि म्हणालो, "वाच जरा. माणसं कुठल्या कुठे जातात बघ."

त्याने हात पुसले, सगळे वाचले, घडी घालून कागद परत दिला आणि विचारले, "काका, याला काय येत नाही?"

प्रश्नात उद्धटपणा नव्हता. या जगात आपल्यासाठी एखादा कोपरा शिल्लक आहे का, एवढेच तो पोर शोधत होता. आम्हांला उत्तर देता आले नाही. मात्र तो प्रश्न मनात घर करून बसला, म्हणून आज आपल्यापुढे मांडत आहोत.

प्रिय वाचकहो, एकाहून अधिक आणि अगदी वेगळ्या क्षेत्रांत अव्वल असलेली माणसे पूर्वीही होती. चित्रकार आणि शास्त्रज्ञ असलेल्या लिओनार्दो दा विंचीचे आपण मोकळ्या मनाने कौतुक करतो. तो पाचशे वर्षांपूर्वीचा आहे. पण हयात असलेला माणूस आपल्यासारखाच चोवीस तासांचा दिवस जगत असतो. म्हणून तो टोचतो. आपल्या हातून काही निसटले असे वाटू लागते. मग आपण दोनपैकी एक वाट धरतो. पहिली म्हणजे हात जोडून मोकळे होणे : "ते देवाघरचं देणं, आपल्याला कुठून येणार?" दुसरी म्हणजे त्या माणसाची फूटपट्टी करून घरातल्या मुलांना मोजणे. जॉनी किमबद्दल तर एक विनोदच पसरला आहे : आपल्या आईला याचे नाव कळू देऊ नका! विनोद खरा, पण तो मुलांनी आपल्यावर ठेवलेला आरोपही आहे.

या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत, असे आम्हांला वाटते. का, ते समजण्यासाठी अशा माणसांची चरित्रे यादी म्हणून न वाचता जरा जवळून पाहिली पाहिजेत.

ब्रायन मे हे नाव आपल्यातील पाश्चात्य संगीत ऐकणाऱ्यांना ठाऊक असेल. 'क्वीन' या गाजलेल्या इंग्रज वाद्यवृंदाचा हा गिटारवादक. जन्म जुलै १९४७. शाळकरी वयात नवी गिटार विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून १९६३ साली वडिलांच्या मदतीने त्याने घरीच गिटार बनवायला घेतली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा आणि आईची विणकामाची सुई असले सामान वापरून ती तयार व्हायला सुमारे दोन वर्षे लागली. तीच गिटार घेऊन तो पुढे जगभर वाजवत राहिला.

हाच तरुण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकला आणि खगोलशास्त्रात पीएच.डी. करू लागला. सूर्यमालेत पसरलेल्या सूक्ष्म धुळीवर सूर्यप्रकाश पडून सूर्यास्तानंतर किंवा पहाटेपूर्वी क्षितिजाजवळ एक मंद उजेड दिसतो. त्या धुळीच्या गतीचा तो अभ्यास करीत होता. १९७४ साली संगीताचा व्याप इतका वाढला की, प्रबंध अर्धवट टाकावा लागला. वडिलांना ते मुळीच रुचले नाही. प्रबंध पडून राहिला आणि त्यावर तीस वर्षांची धूळ बसली. २००६ साली, साठीच्या उंबरठ्यावर त्याने पुन्हा कॉलेजात नाव घातले, तीस वर्षांत या विषयात जे काही संशोधन झाले होते ते वाचून काढले आणि २००७ साली प्रबंध पुरा केला. मानद नव्हे, अभ्यासाची डॉक्टरेट मिळवली. वडील तोवर हयात नव्हते.

आपल्याकडचे उदाहरण डॉ. मोहन आगाशे यांचे. त्यांचाही जन्म जुलै १९४७ चाच, भोरचा. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात ते मानसोपचार शास्त्राचे प्राध्यापक होते, ससून रुग्णालयात रुग्ण पाहत होते. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या 'घाशीराम कोतवाल' नाटकातील त्यांचा नाना फडणवीस जाणकार आजही विसरलेले नाहीत. बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीची बालनाट्ये मराठीत आणण्यात त्यांचा पुढाकार होता. या नाटकांत पऱ्या आणि राक्षस नसतात. मुलांचे रोजचे खरे प्रश्न असतात आणि मुलांच्या भूमिका मोठी माणसे करतात. पुढे 'अस्तु' या चित्रपटात त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताचे काम केले, तर नैराश्याने ग्रासलेल्या तरुणाची कथा सांगणाऱ्या 'कासव' चित्रपटाच्या निर्मितीत ते सहभागी होते. २०१७ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'कासव' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला.

या चरित्रांतून आम्हांला तीन गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट क्रमाची. कात्रणात सगळे शेजारी शेजारी छापलेले असते, म्हणून ते एकदम घडले असे वाटते. प्रत्यक्षात जॉनी किम २००२ साली नौदलात भरती झाला आणि डॉक्टर व्हायला त्यानंतर चौदा वर्षे गेली. ब्रायन मे याला एक गोष्ट खाली ठेवावी लागली, तेव्हा दुसरी उचलता आली. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही आपली म्हण खोटी नाही. संध्याकाळी चारपासून आठपर्यंत तीन क्लासांना मुलाला पळवणाऱ्या पालकांनी ती आठवावी. एखादी देणगी काही वर्षे बाजूला ठेवावी लागली, तर ते पाप नव्हे. बाजूला ठेवलेली वस्तू परत घेता येते. टाकून दिलेली येत नाही.

दुसरी गोष्ट हेतूची. इराकमध्ये जवळचे सहकारी गमावल्यावर जॉनी किमला डॉक्टर व्हावेसे वाटले. दुसऱ्या क्षेत्राकडे तो वळला तो आणखी एक पदक हवे म्हणून नाही. डोळ्यांसमोर माणसे गेली आणि आपल्याला काही करता आले नाही, ही बोच त्यामागे होती. डॉ. आगाशे यांच्याबाबत एखादा विचारील, नाटकाच्या तालमीत गेलेला वेळ रुग्णांचा नव्हता का? प्रश्न रास्त आहे आणि दोन आवडी असलेल्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारायलाच हवा. दुसरी देणगी पहिल्या कर्तव्याच्या पोटावर पाय देत असेल, तर तिला थांबवावे. पण 'अस्तु' पाहून स्मृती हरवलेल्या आजोबांवर ओरडायचे एखाद्या घराने थांबवले असेल, तर तोही उपचारच झाला. दोन क्षेत्रे दिसायला लांब असतात. दोन्हींच्या मुळाशी माणूस समजून घेणे असेल, तर ती एकमेकींना पाणी घालतात.

तिसरी गोष्ट आधाराची, आणि तिच्याविषयी आपण सर्वांत कमी बोलतो. ब्रायन मे याच्या गिटारला लागलेली दोन वर्षे त्याच्या वडिलांचीही होती. रोजच्या भाकरीची चिंता मिटल्यावर साठाव्या वर्षी शिकायला बसणे त्याला परवडले, हेही खरे. बहुगुणी माणसाच्या मागे कुणीतरी दिवा धरून उभे असते. आपल्या गावात थोडे मागे वळून पाहा. भावाच्या शिक्षणासाठी सातवीतून शाळा सोडलेल्या बहिणी किती घरांत होत्या! पहाटे भाजीची टोपली घेऊन गाडी पकडायची, बाजारात तोंडी हिशेब करायचा, परत येऊन वाडीला पाणी लावायचे, रात्री मुलांचे कपडे शिवायचे, आजारी शेजारणीला कोणता काढा द्यायचा ते सांगायचे आणि रविवारी गायनवृंदात वरचा सूर धरायचा. ही पाच-सहा क्षेत्रे झाली. तिला अष्टपैलू म्हणून कुणी शाल दिल्याचे आम्हांला आठवत नाही. तिच्या गुणांना प्रमाणपत्र नव्हते, म्हणून आपण त्यांना 'घरकाम' म्हटले. बहुगुणी कोणाला म्हणायचे, हे आपण बक्षिसांवरून ठरवतो आणि त्यात न्याय होत नाही.

आज मुलांच्या तोंडी 'टॅलेंट' हा शब्द सारखा असतो. मुळात ते प्राचीन काळचे वजनाचे माप आणि मोठ्या रकमेचे नाव. अंगच्या गुणासाठी तो शब्द युरोपातल्या भाषांत आला तो आपल्या परिचयाच्या एका दाखल्यावरून. धन्याने एका चाकराला पाच, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक रक्कम सोपवली. आपले लक्ष बहुधा त्या तिसऱ्याकडे जाते, ज्याने पैसे जमिनीत पुरले. पण पहिल्या दोघांकडे नीट पाहा. एकाने पाचाचे दहा केले, दुसऱ्याने दोनाचे चार. परतल्यावर धन्याने दोघांना अगदी त्याच शब्दांत शाबासकी दिली. दोन मिळालेल्याला, "तो बघ, त्याने दहा आणले," असे धनी म्हणाला नाही. तिसऱ्याचा दोष त्याला कमी मिळाले हा नव्हता; तो घाबरला आणि त्याने मिळालेले पुरून ठेवले.

येथे आम्ही अडखळलो. मुलाच्या मनात ही भीती कोण घालते? त्याच्या हातातल्या एका देणगीकडे न पाहता शेजाऱ्याच्या पाच मोजून दाखवणारे आपणच ना? आम्ही पुतण्याला कात्रण दिले, तेव्हा त्याच्या हाताला सायकलचे काळे ग्रीस लागलेले होते आणि आम्ही ते फक्त मळ म्हणून पाहिले. शेकोटीच्या लाकडातून गिटार घडवणाऱ्या पोराचे हातही असेच मळलेले असतील. त्याचे वडील मात्र त्याच्या शेजारी बसले होते.

म्हणजे अभ्यास करू नये, असे आम्ही म्हणत नाही. दहावी दहावीच्या जागी आहे. बहुगुणी माणसांचे कौतुकही जरूर करावे. असूयेने त्यांना खाली खेचणे हा आणखी वेगळा दोष आहे. एक माणूस किती दिशांनी वाढू शकतो, हे पाहून आनंद वाटावा, एवढे मन मोठे असावे. पण कौतुक खिडकीसारखे असावे, बाहेरचे मोठे जग दाखवणारे. त्याची फूटपट्टी झाली की ते घरातल्या सर्वांत लहान माणसाला लागते.

जॉनी किम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये २४५ दिवसांनी सुखरूप पृथ्वीवर परतला. ती बातमी वाचल्यावर आम्ही पुतण्याकडे गेलो. या वेळी कात्रण नेले नाही, आमची जुनी सायकल नेली. तिची चेन सारखी उतरत होती. त्याने मागचे चाक फिरवले, कान देऊन ऐकले आणि सांगितले की दोष चेनचा नाही, मागच्या चक्राचे दाते झिजले आहेत. आम्ही विचारले, "हे तुला आवाजावरून कळलं?" तो म्हणाला, "हो. तुम्हांला ऐकू येत नाही?"

आम्हांला खरोखरच ऐकू येत नव्हते. तसे आम्ही त्याला सांगितले. तेव्हा तो हसला आणि आम्हांला शेजारी बसवून पुन्हा एकदा चाक फिरवू लागला.

आज मिस्सा संपवून आपण घरी जाल, तेव्हा घरातल्या एका माणसाला, विशेषतः ज्याला आजवर कधी बक्षीस मिळाले नाही अशाला, एवढेच सांगून पाहा : तुला जे येते ते मला येत नाही, जरा शिकवशील का?